गाणं दुसऱ्याचं, रेकॉर्ड कोणाची? आयस्ली ब्रदर्स आणि 'कव्हर'चा हिशोब

संशोधनाची तयारी करताना आपल्याला पहिल्या दिवसापासून एक सवय लावली जाते: मूळ स्रोत शोधा. सवय चांगलीच आहे. पण काही विषयांत 'मूळ' हा शब्दच निसरडा असतो. कव्हर साँग, म्हणजे एकाने आधी रेकॉर्ड केलेलं गाणं दुसऱ्याने आपल्या पद्धतीने पुन्हा रेकॉर्ड करणं, हा त्यातलाच एक. विज्ञान शिकलेल्या माणसाला तर हा विषय आवडायलाच हवा. शब्द आणि चाल तीच, बाकी सगळे चल बदललेले. आयता प्रयोग समोर ठेवलेला असतो. उदाहरण एकच घेऊ या, पण नीट घेऊ या: अमेरिकेतले आयस्ली ब्रदर्स.

आयस्ली हे ओहायो राज्यातल्या सिनसिनाटीचे भाऊ. राज्याचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. ओकेली, रुडॉल्फ आणि रोनाल्ड हे तिघं चर्चमध्ये गॉस्पेल गात वाढले आणि १९५७ मध्ये न्यूयॉर्कला गेले. त्यांचं पहिलं नाव झालेलं गाणं 'शाउट' (१९५९) हे दुसऱ्याच्या गाण्याच्या पोटातून जन्मलं. स्टेजवर जॅकी विल्सनचं 'लोनली टिअरड्रॉप्स' गाताना शेवट लांबवत, श्रोत्यांशी सवाल-जवाब करत ते सुचलं. दुसऱ्याचं गाणं घेऊन त्याला चर्चमधल्या पद्धतीने ताणत न्यायचं, ही त्यांची खोड इथपासूनची.

आता 'ट्विस्ट अँड शाउट'. तुम्ही ऐकलं असेल, तर बहुतेक बीटल्सचंच. ११ फेब्रुवारी १९६३ ला लंडनच्या ईएमआय स्टुडिओत, दिवसभराच्या रेकॉर्डिंगनंतर अगदी शेवटी, सर्दीने बसलेल्या घशातून जॉन लेननने ते कसं गायलं, ही गोष्ट बीटल्सवरच्या पुस्तकांत हमखास असते. बीटल्सनी समोर ठेवलं होतं ते आयस्लींचं १९६२ चं, वाँड कंपनीने काढलेलं रेकॉर्डिंग. पण आयस्लींचंही ते पहिलं नव्हे. बर्ट बर्न्स आणि फिल मेडली यांनी लिहिलेलं हे गाणं १९६१ मध्ये टॉप नोट्सनी अटलांटिक कंपनीसाठी गायलं होतं. निर्माता होता फिल स्पेक्टर. ते साफ पडलं. स्पेक्टरने आपल्या गाण्याचं जे केलं ते बर्न्सला मुळीच पटलं नव्हतं, म्हणून पुढच्या वर्षी आयस्लींना घेऊन त्याने ते स्वतः पुन्हा बसवलं. या वेळी ते बिलबोर्डच्या पॉप यादीत १७ व्या आणि आर अँड बी यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं.

मग यातलं मूळ कोणतं? तारखेने बघाल तर टॉप नोट्स. कागदाने बघाल तर बर्न्स आणि मेडली. कानाने बघाल तर आयस्ली, कारण जगाला माहीत असलेलं गाणं त्यांच्या मांडणीतलं आहे. तिन्ही उत्तरं बरोबर आहेत. तुम्हाला कोणतं लागेल ते तुमच्या प्रश्नावर ठरेल, आणि प्रश्न 'पैसे कोणाला मिळाले' असा असेल तर कायदा उघडावा लागेल.

अमेरिकेच्या १९०९ च्या कॉपीराइट कायद्यात एक तरतूद होती. गाण्याच्या मालकाने एकदा कोणाला रेकॉर्ड करायची परवानगी दिली, की त्यानंतर कोणीही ते रेकॉर्ड करू शके. दर प्रतीमागे दोन सेंट मालकाला दिले की झालं. हे दोन सेंट १९७७ संपेपर्यंत तसेच राहिले! यात 'मालक' म्हणजे गाणं लिहिणारा आणि त्याचा प्रकाशक. गाणाऱ्याने गाण्याचं काय केलं, कुठे श्वास घेतला, कुठे ताणलं, वाद्यं कशी बसवली, याला या हिशोबात जागाच नव्हती. १९५० मध्ये कॅलिफोर्नियात सुप्रीम रेकॉर्ड्सने डेक्कावर दावा लावला होता. तक्रार अशी की 'अ लिटल बर्ड टोल्ड मी' हे पॉला वॉटसनने गायलेलं गाणं डेक्काने एव्हलिन नाइटकडून जवळजवळ तसंच्या तसं गाऊन घेतलं. न्यायालयाने दावा फेटाळला. वॉटसन कृष्णवर्णीय होती आणि नाइट गोरी, हेही इथे नोंदवायला हवं.

कारण त्या दशकात हेच चालू होतं. १९५४ मध्ये कॉर्ड्स या कृष्णवर्णीय गटाचं 'श-बूम' चाललं, आणि क्रू कट्स या गोऱ्या गटाची आवृत्ती पहिल्या क्रमांकावर जाऊन बसली. लिटल रिचर्डचं 'टूटी फ्रूटी' पॅट बूनने गायलं आणि पॉप यादीत मूळ गायकाच्या वर गेला. (दोन्ही लागोपाठ ऐका. हसू आवरणार नाही.) लॅव्हर्न बेकरचं 'ट्विडल डी' जॉर्जिया गिब्जने जवळपास तशाच मांडणीत गायलं, तेव्हा १९५५ मध्ये बेकरने चार्ल्स डिग्ज या काँग्रेस सदस्याकडे दाद मागितली की मांडणीलाही संरक्षण हवं. काही झालं नाही. त्या काळात 'कव्हर' या शब्दाला हा वास होता. आज आपण तो शब्द कौतुकाने वापरतो, म्हणून जुनी कागदपत्रं वाचताना सावध राहा.

या पार्श्वभूमीवर १९७१ चा आयस्लींचा अल्बम बघा. नाव 'गिव्हिन इट बॅक', म्हणजे 'परत देतोय'. सात गाणी, एकही स्वतः लिहिलेलं नाही. त्यात नील यंग, जेम्स टेलर, बॉब डिलन, स्टीफन स्टिल्स अशी त्या वेळच्या रॉकमधली गोरी नावं. यातून एक सुबक गोष्ट तयार होते, आणि ती बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळते: गोऱ्यांनी कृष्णवर्णीयांची गाणी घेतली होती, आता आयस्लींनी त्यांची घेऊन हिशोब चुकता केला. वाचायला छान. पण एखादी गोष्ट फारच छान जुळली की मी आधी आकडे मोजते, तर सातही गाणी मोजू या.

'स्पिल द वाइन' एरिक बर्डन आणि वॉर यांचं. बर्डन गोरा इंग्लिश, पण वॉर हा बहुतांश कृष्णवर्णीय वादकांचा गट. 'कोल्ड बलोनी' बिल विदर्सचं. तो कृष्णवर्णीय, शिवाय या रेकॉर्डिंगमध्ये गिटार तोच वाजवतो. त्याहून मजा म्हणजे, विदर्सच्या स्वतःच्या आवाजात ते गाणं आलं १९७३ मध्ये, कार्नेगी हॉलच्या मैफलीच्या अल्बमवर. म्हणजे कव्हर अल्बममधलं हे गाणं काटेकोर व्याख्येने कव्हरच नाही! आणि पहिल्याच गाण्यात नील यंगच्या 'ओहायो'ला जोडलेलं आहे 'मशीन गन', जिमी हेंड्रिक्सचं. हेंड्रिक्स १९६४ मध्ये आयस्लींच्याच बँडमध्ये गिटार वाजवत होता आणि त्यांच्या घरी राहत होता. धाकटा अर्नी आयस्ली तेव्हा बारा वर्षांचा. तेव्हा 'परत' नेमकं काय आणि कोणाला, हे शीर्षकावरून ठरवता येत नाही. शीर्षक हा हेतूचा पुरावा नसतो, फार तर दावा असतो.

या पहिल्या गाण्यापाशी थोडं थांबू. ४ मे १९७० ला ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठात युद्धविरोधी निदर्शनांवर नॅशनल गार्डने गोळ्या झाडल्या, चार विद्यार्थी मेले. यंगने लगेच गाणं लिहिलं आणि त्याच महिन्यात क्रॉसबी, स्टिल्स, नॅश अँड यंगनी ते रेकॉर्ड केलं. केंटनंतर अकराच दिवसांनी, १५ मे ला, मिसिसिपीतल्या जॅक्सन स्टेट या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजात पोलिसांच्या गोळीबारात दोन तरुण मेले. त्यांच्यावर असं गाजलेलं गाणं झालं नाही. हेंड्रिक्स त्याच वर्षी १८ सप्टेंबरला गेला. आणि वर्षभरात ओहायोचेच तीन भाऊ ते गाणं हातात घेतात. यंगचं तीन मिनिटांचं धारदार गाणं इथे नऊ मिनिटांहून लांब होतं. यंगच्या गाण्यात संताप पुढे आहे. रोनाल्डच्या आवाजात तो शोकाकडे, जवळजवळ प्रार्थनेकडे सरकतो. मला त्यात जॅक्सनची दोन मुलं ऐकू येतात. पण हे माझं ऐकणं झालं. प्रबंधात तुम्ही 'आयस्लींनी जॅक्सन स्टेटसाठी गायलं' असं लिहिलंत तर मार्गदर्शक पहिला प्रश्न विचारतील, पुरावा काय? लिहा, पण 'असं ऐकता येतं' असं लिहा. त्या दोन वाक्यांमध्ये बरंच अंतर आहे.

बाकीची गाणी पटकन. डिलनचं 'ले लेडी ले' साधारण सव्वातीन मिनिटांचं, आयस्लींकडे दहाच्या वर जातं. माझ्या मते थोडं जास्तच. 'फायर अँड रेन' उत्तम. स्टिल्सची दोन गाणी आहेत आणि त्यातलं 'लव्ह द वन यू आर विथ' पॉप यादीत १८ व्या क्रमांकापर्यंत गेलं. स्टिल्सचं स्वतःचं १४ पर्यंत गेलं होतं.

आता परत पैशांकडे, कारण माझ्या मते खरी गोष्ट तिथे आहे. आयस्लींनी स्टिल्सचं गाणं विकलं की दोन सेंटवाला हिस्सा स्टिल्सच्या बाजूला जात होता. म्हणजे खातेवहीत बघितलं तर 'परत देतोय' हे शब्दशः खरं, फक्त उलट्या दिशेने! तरी १९६२ आणि १९७१ मध्ये एक फरक पडला होता. 'ट्विस्ट अँड शाउट'ची रेकॉर्ड वाँडची होती, गाणं बर्न्स आणि मेडलीचं होतं; बीटल्सनी तीच मांडणी जगभर नेली तेव्हा त्यावर हक्क सांगायला आयस्लींकडे कागद नव्हता. मधल्या काळात ते मोटाउनमध्ये गेले, तिथून बाहेर पडले आणि स्वतःची टी-नेक ही कंपनी चालवायला लागले. नाव न्यू जर्सीतल्या टीनेक गावावरून. १९६९ चं 'इट्स युअर थिंग' स्वतः लिहिलेलं, स्वतःच्या कंपनीचं. पॉप यादीत दुसरं आलं. त्यामुळे १९७१ मध्ये गाणी दुसऱ्यांची असली तरी रेकॉर्ड त्यांची होती. पॅट बून आणि लिटल रिचर्डच्या गोष्टीची ही नुसती उलटी आवृत्ती नव्हे. मालकीच्या कागदावर एक ओळ बदलली होती, आणि त्यांच्यासाठी ती ओळ मोठी होती.

याची तपासणी करायला मोठं अर्काइव्ह लागत नाही. जुन्या रेकॉर्डच्या मधल्या गोल कागदावर गाण्याखाली कंसात लिहिणाऱ्याचं नाव असतं, जवळच प्रकाशक, आणि वर कंपनी. तीनही नावं वेगळ्या रकान्यात लिहा. 'थ्री प्लस थ्री' (१९७३) या अल्बमसाठी करून बघा. नाव तसं, कारण तिघा मोठ्यांना आता अर्नी, मार्विन आणि रुडॉल्फचा मेहुणा क्रिस जॅस्पर येऊन मिळाले होते. 'समर ब्रीझ' सील्स अँड क्रॉफ्ट्सचं, 'लिसन टू द म्युझिक' डूबी ब्रदर्सचं, 'डोन्ट लेट मी बी लोनली टुनाइट' जेम्स टेलरचं. पण 'दॅट लेडी' हे आयस्लींनी स्वतःच्याच १९६४ च्या गाण्याचं केलेलं कव्हर. त्यात अर्नीची गिटार ऐका, आणि त्याच्या लहानपणी घरात कोण राहत होतं ते आठवा.

एक शेवटची नोंद, पुढे वाचायची असेल त्यांच्यासाठी. १९९१ मध्ये मायकल बोल्टनचं 'लव्ह इज अ वंडरफुल थिंग' आलं. त्याच नावाचं गाणं आयस्लींनी १९६४ मध्ये लिहिलं होतं आणि १९६६ मध्ये बाजारात आणलं होतं. इथे ते नुसते गाणारे नव्हते, लिहिणारे होते. त्यांनी दावा लावला. १९९४ मध्ये ज्यूरीने त्यांच्या बाजूने कौल दिला आणि २००० मध्ये अपील न्यायालयाने तो कायम ठेवला. ज्यूरीने हिशोब असा मांडला: बोल्टनच्या अल्बमच्या नफ्यातला २८ टक्के या गाण्यामुळे, आणि गाण्याच्या नफ्यातला ६६ टक्के उचललेल्या भागांमुळे. एकूण रक्कम ५४ लाख डॉलर. निकालपत्र 'थ्री बॉइज म्युझिक विरुद्ध बोल्टन' या नावाने मिळतं, आणि इंग्रजी थोडी सवयीची असेल तर एका बैठकीत वाचून होतं.