लाकडावरील रंगीत रोगणाचे निष्कासन

लाकडी वस्तूंवरील लाख, राळ वा अन्य रेझिनांचा रंगीत लेप आणि त्याचे लाकडात मुरलेले डाग काढून टाकण्याची क्रिया. लेप देण्याच्या कलेइतकीच ही क्रिया जुनी असावी. तथापि तिच्यामुळे झालेली हानी प्रामुख्याने एकोणिसाव्या व विसाव्या शतकांतील आहे.

गोव्यात १५८३ ते १५८८ या काळात राहिलेला डच प्रवासी लिन्सखोतेन याने १५९६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासग्रंथात भारतीय कातार्‍यांच्या लाखकामाचे वर्णन केले आहे. चरकावर फिरणार्‍या लाकडावर रंगीत लाखेची कांडी टेकविली की, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते, लाकडाच्या खाचांत शिरते व तेथे घट्ट बसते. निष्कासनातील सर्व अडचणींचे मूळ या खाचांत शिरण्यातच आहे. वरचा थर खरवडता येतो. वाहिन्यांत व आडव्या छेदाच्या टोकांत शिरलेला रंग मात्र खरवडून निघत नाही.

लाखेत दोन प्रकारची रंगद्रव्ये असतात. तांबडा लाक्षारंग पाण्यात विरघळतो व कच्ची लाख धुताना बहुतांशी निघून जातो. १८६८ मध्ये अलिझरीन कृत्रिम रीतीने तयार झाल्यावर या रंगाची बाजारपेठ ओसरली आणि एके काळी मोलाचे असलेले हे धुवण फेकून दिले जाऊ लागले. दुसरे, पिवळसर द्रव्य पाण्यात विरघळत नाही; ते घालविण्यासाठी सोडियम हायपोक्लोराइटाने लाखेचे विरंजन करतात. फिकट लाकडासाठी पांढरी लाख वापरण्याचे कारण हेच.

एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी यूरोपात अल्कोहॉलात विरघळविलेल्या लाखेचे ‘फ्रेंच पॉलिश’ रूढ झाले. त्याच्या आरशासारख्या झळाळीचा मोह एवढा होता की, अठराव्या शतकातील मेणाचे वा साध्या रोगणाचे मूळ लेप असलेले असंख्य कपाट-मेज खरवडून नव्याने चकाकविण्यात आले. मूळ पृष्ठभाग कसा होता, हे सांगणारा पुरावा त्यामुळे कायमचा नष्ट झाला. पुढे जुने दरवाजे व फर्निचर दाहक सोड्याच्या हौदांत बुडविण्याची पद्धत आली. तिने रोगण झटपट निघे. पण सरसाचे सांधे सैल होत आणि ओकसारखे टॅनीनयुक्त लाकूड काळवंडे. त्यानंतर आलेले मिथिलीन क्लोराइड लाकडाला सौम्य, परंतु कारागिराला घातक ठरले : त्याची वाफ हवेपेक्षा जड असून शरीरात तिच्यापासून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. यूरोपीय संघाने २००९ च्या निर्णयाने त्याच्या वापरावर बंधने घातली. अमेरिकेत रंग काढण्यासाठी ग्राहकांना त्याची विक्री करण्यास २०१९ मध्ये बंदी झाली.

प्रत्यक्ष कामात प्रथम लेप ओळखावा लागतो. जंबुपार किरणांखाली लाख नारिंगी चकाकते. न दिसणार्‍या भागी अल्कोहॉलाचा बोळा फिरविल्यास ती मऊ पडते. टर्पेंटाइनाचा तिच्यावर परिणाम होत नाही. फार जुनी लाख मात्र अल्कोहॉलालाही सहजी दाद देत नाही. क्षारयुक्त विद्रावात ती विरघळते, पण तेथे टॅनीनाचा धोका पुन्हा उभा राहतो. घाईने काचकागद वापरल्यास घर्षणाने लाख मऊ होते, कागदात भरते व रंग रेषांमध्ये दाबला जातो. म्हणून लेप प्रथम पोलादी पातळ पात्याने, रेषांच्या दिशेने, कोरडाच खरवडतात. पातळ विद्रावक सढळ हाताने ओतणे ही नेहमीची चूक. त्यामुळे रंग विरघळतो खरा, पण लाकडात अधिक खोल जातो. विद्रावक मुलतानी मातीत कालवून लेप देतात व तो सुकू देतात. द्रावण मातीकडे ओढले जाऊन रंगही तिच्याबरोबर बाहेर येतो. ही क्रिया अनेकदा करावी लागते. १९८० नंतरच्या दशकात रिचर्ड वॉल्बर्स यांनी अमेरिकेत विकसित केलेल्या विद्रावक-जेलींमागेही द्रव पृष्ठभागावरच रोखून धरण्याचे हेच तत्त्व आहे.

एवढ्यानेही न निघणार्‍या रंगासाठी विरंजन करतात. क्लोरीनयुक्त विरंजकाने अनेक कार्बनी रंग जातात. लोखंड व टॅनीन यांच्या संयोगाने पडलेल्या काळ्या डागांवर ऑक्झॅलिक अम्ल वापरतात. ते विषारी असल्याने नंतर लाकूड पाण्याने पुनःपुन्हा पुसून घेणे आवश्यक असते. संग्रहालयांतील वस्तूंवर विरंजन सहसा करीत नाहीत. तेथे वरचा, नंतर चढविलेला लेप तेवढा काढून मूळ थर जागीच ठेवतात.