गंगेतला मासा आणि ऑलिम्पिक

आमच्या देवबागात मासा म्हटलं की आधी ताट आठवतं. आजचा मासा मात्र बोटाच्या दोन पेरांएवढा, अंगावर निळे पट्टे. गंगा आणि तिच्या उपनद्यांतल्या माशांवर फ्रान्सिस हॅमिल्टन या स्कॉटिश वैद्याने १८२२ साली ग्रंथ छापला, त्यात त्याची नोंद आहे. आज त्याला झेब्राफिश म्हणतात.

१९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये बेन जॉन्सनचं शंभर मीटरचं सुवर्णपदक काढून घेतलं, कारण स्टॅनोझोलॉल हे स्टेरॉईड. असं औषध शरीरात गेलं की त्याचं रूप बदलतं आणि ती बदललेली रूपंच लघवीत सापडतात. ती आधी माहीत हवीत. पण त्यासाठी धडधाकट माणसाला असं औषध द्यायचं कसं? २०१० नंतरच्या दशकात रिओ दि जानेरोच्या उत्तेजक-तपासणी प्रयोगशाळेने हे काम झेब्राफिशवर सोपवलं. मासे टाकीत ठेवायचे, पाण्यात औषध घालायचं आणि नंतर ते पाणीच तपासायचं. माशाचं यकृत औषधावर बरंचसं आपल्यासारखंच काम करतं.

लबाडी माणसाची, औषध मात्र माशाच्या पोटात. खेळाडूच्या अब्रूचा निवाडा होतो, तेव्हा या मुक्या साक्षीदाराचीही आठवण ठेवायला हवी, असं मला वाटतं.