एक गोळा, एक गाडी

जळगावहून धरणगाव, अमळनेर, नरडाणा, दोंडाईचा करत सुरतेकडे जाणारी रेल्वे शंभरहून जास्त वर्षं बहुतांशी एकेरी होती. दुहेरीकरणाचं उद्घाटन झालं ते थेट फेब्रुवारी २०१९ मध्ये, धुळ्याच्या सभेत. तोवर समोरून गाडी येणार असली की आपली गाडी स्टेशनात बाजूच्या लाइनीवर ताटकळायची.

एका रुळावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून भारतातल्या एकेरी मार्गांवर नील्स बॉल टोकन नावाचं यंत्र वापरलं जायचं. शेजारच्या दोन स्टेशनांत एकेक यंत्र, दोन्ही तारेने जोडलेली. पलीकडच्या मास्तराची संमती आली की इकडचं यंत्र धातूचा एक गोळा सोडणार. तो बाहेर असेपर्यंत दोन्हीपैकी एकही यंत्र दुसरा गोळा देत नाही. पिशवीत घातलेला गोळा वेताच्या कड्याला अडकवून ड्रायव्हरकडे जायचा. गोळा नाही तर गाडी नाही.

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला डच शास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांच्यापुढे हाच प्रश्न होता, फक्त रुळाच्या जागी कॉम्प्युटरची मेमरी. त्यांनी उपायाला नावही रेल्वेचंच दिलं: सेमाफोर, म्हणजे हात वर-खाली करणारा सिग्नल. १९७६ मध्ये आयबीएमच्या संशोधकांनी डेटाबेससाठी नियम मांडला: लागतील ती लॉक घेत जा, पण एकदा सोडायला लागलात की नवीन घेऊ नका.

हे सगळं मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. नोकरीत मी लिहिलेल्या बुकिंगच्या कोडने शेवटची एक सीट दोघांना विकली. लॉक लावलं होतं हो, पण थ्रेडसाठी, सर्व्हरच्या आत. आणि सर्व्हर होते दोन. म्हणजे दोन्ही मास्तरांकडे आपापला गोळा, मधली तारच नाही! चाचणीत एकच सर्व्हर असल्यामुळे चूक कधी दिसली नाही.

मग लॉक डेटाबेसमध्ये नेलं. सीटची ओळ ‘सिलेक्ट फॉर अपडेट’ने वाचायची; पहिला व्यवहार संपेपर्यंत दुसरा थांबतो. सर्व्हर मध्येच बंद पडला तर कनेक्शन तुटतं, व्यवहार रद्द होतो आणि लॉक सुटतं. इथे मात्र डेटाबेस रेल्वेपेक्षा सुखी. गोळा हरवला तर दोन्हीकडच्या मास्तरांना कागद भरत बसावं लागायचं.

गर्दीच्या वेळी आता पान जरा हळू उघडतं. तक्रारी येतात. अमळनेरला क्रॉसिंगसाठी थांबलेल्या गाडीतही लोक असेच वैतागायचे.