पंखात न मावणारं चाक

मिग-२१ची शेवटची विमानं २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला निवृत्त झाली. त्या दिवशी वैमानिक बोलले, जुने एअर मार्शल बोलले, आणि त्यांनी बोलायलाच हवं होतं; जीव त्यांनी पणाला लावला होता. पण मी ऐकलेल्या कार्यक्रमांत ओझरचं नाव जेमतेम एका वाक्यात येऊन गेलं. भारतीय हवाई दलाच्या मिग-२१पैकी ६५०हून अधिक विमानं नाशिकजवळ, मुंबई-आग्रा रस्त्यालगतच्या या गावात उभी राहिली. माझी सगळी नोकरी तिथे अंडरकॅरेजवर, म्हणजे विमानाच्या पायांवर गेली. म्हणून हा इतिहास मी पायांपासूनच सांगणार आहे.

चीनच्या युद्धानंतर, नोव्हेंबर १९६२मध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि १९६३मध्ये नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले. त्याच वर्षी पहिली मिग-२१ रशियाहून चंडीगडला आली. ती इथेच बनवायची तर कारखाना हवा. कामाची तीन ठिकाणी वाटणी झाली : इंजिन ओडिशातल्या कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक सामग्री हैदराबादला आणि विमानाचा सांगाडा ओझरला. कारखाना ओझरला आला तो यशवंतरावांमुळे, असं आमच्याकडची जुनी माणसं आजही छातीठोकपणे सांगतात. १९६४मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेड आकाराला आली आणि ओझरच्या माळावर हँगर उभे राहू लागले. पुढे गावाच्या नावालाच ‘मिग’ चिकटलं. एसटीच्या पाटीवरही ‘ओझर मिग’.

आधी रशियाहून सुट्या भागांच्या पेट्या यायच्या आणि इथे त्यांची जुळणी व्हायची. मग एकेक भाग इथे बनू लागला. कच्च्या मालापासून इथेच घडवलेलं पहिलं मिग-२१ हवाई दलाच्या हाती गेलं ते ऑक्टोबर १९७०मध्ये. ते एफएल जातीचं. आम्ही त्याला टाइप ७७ म्हणायचो. पुढे टाइप ९६ आणि टाइप ७५ आले. डिसेंबर १९७१च्या युद्धात ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर रॉकेटं सोडणारी मिग याच एफएल जातीची होती. मी कामाला लागलो त्याच्या बऱ्याच नंतर, पण त्या दिवसांत शिफ्ट संपल्याचा भोंगा झाल्यावरही माणसं कशी थांबायची, हे सांगताना जुन्या फिटरांचा आवाज बदलायचा.

ही माणसं कोण होती? निफाड, दिंडोरी, चांदवडकडच्या शेतकऱ्यांची पोरं, आयटीआय केलेली. केरळ-पंजाबातून आलेलेही पुष्कळ, पण जिगवर, म्हणजे जुळणीच्या चौकटीवर, उभं राहून पत्र्याला रिव्हेट मारणाऱ्यांत आमच्याकडचे खूप. सुरुवातीला ड्रॉइंग रशियन, मापं रशियन, मालाच्या खुणाही रशियन. दहावीला गणितात जेमतेम पास झालेला मुलगा मायक्रोमीटरने मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजायला शिकला आणि पुढची पिढी त्याच्या हाताखाली शिकली. माझ्या मते ओझरचं खरं उत्पादन ही माणसं होती.

आता पायांकडे येतो. मिग-२१ आवाजाच्या दुप्पट वेगाने जायचं. त्या वेगाला जाड पंख चालत नाही. हवेचा विरोध फार होतो. म्हणून या विमानाचा त्रिकोणी पंख इतका पातळ की त्याची जाडी पंखाच्या पुढून मागच्या लांबीच्या जेमतेम चार-पाच टक्के. आता चाक ठेवायचं कुठे? पंखात ते मावत नाही. धडात जावं तर मधोमध हवेची मोठी नळी आणि इंजिन, भोवती इंधनाच्या टाक्या. जागा उरते ती नळी आणि बाहेरचा पत्रा यांच्यामधली अरुंद कपार. अरुंद जिन्यावरून खाट चढवताना ती आडवीची उभी करावी लागते, तसं मिगची रचना करणाऱ्या मिकोयान आणि गुरेविच यांच्या माणसांनी केलं. पाय पंखाच्या पोटात आडवा निजतो, पण जाता जाता चाक पायाशी जवळजवळ काटकोनात वळतं आणि धडाच्या कपारीत उभं राहतं. तरीही पत्र्याला तिथे किंचित फुगवटा द्यावाच लागला. मिग कुठे चौथऱ्यावर ठेवलेलं दिसलं तर पंखाच्या मुळाशी तो फुगवटा जरूर बघा.

विमान जॅकवर चढवून आम्ही पाय आत-बाहेर घेण्याची चाचणी करायचो. बाहेरून हायड्रॉलिक दाब दिला की कुलूप सुटतं, पाय हलतो, चाक गिरकी घेत आत जातं, दार मिटतं. काही सेकंदांचा खेळ. पण एखादा दुवा केसभर लांब राहिला तर चाक कपारीच्या कडेला घासतं. त्या वेळी हँगरमध्ये कुणी बोलत नसे. सगळ्यांचे कान त्या घासण्याकडे.

पायाच्या नळकांड्यात तेल आणि नायट्रोजन असतो. विमान धावपट्टीवर आदळतं तेव्हा आतला दांडा वर सरकतो, तेल बारीक छिद्रांतून जबरदस्तीने ढकललं जातं आणि धक्क्याची ताकद उष्णता होऊन विरते. नायट्रोजन स्प्रिंगचं काम करतो आणि पाय पुन्हा लांब होतो. नुसती स्प्रिंग असती तर विमान उड्या मारत सुटलं असतं. तेल लालसर रंगाचं, रशियन नाव एएमजी-१०. त्या रंगाचा फायदा म्हणजे गळती लगेच दिसते. दांड्यावर क्रोमचा मुलामा असतो. ओव्हरहॉलला आलेल्या दांड्यावरून मी आधी अंगठ्याचं नख फिरवायचो. नखाला अडेल एवढी रेघ असली की ती सील कापणार, हे नक्की. भिंगाखाली बघणं त्यानंतरचं.

न दिसणारी भेग शोधायची पद्धत वेगळी. पोलादी भागाला चुंबकत्व द्यायचं आणि लोखंडाची बारीक भुकटी मिसळलेला द्रव त्यावर ओतायचा. भेग असेल तिथे भुकटी गोळा होते आणि अंधारात अतिनील दिव्याखाली हिरवी रेघ चमकते. अशी रेघ दिसली की भाग बाद. मग तो कितीही महाग असो. इन्स्पेक्टरचा शिक्का बसेपर्यंत तो भाग कुणाचाच नसायचा आणि शिक्का बसला की त्याच्यावर एका माणसाचं नाव कायमचं राहायचं.

या विमानाचे ब्रेक हवेच्या दाबावर चालायचे. लिव्हर वैमानिकाच्या हातातल्या दांड्यावर. पुढचं चाक नुसतं मोकळं फिरणारं, त्यामुळे जमिनीवर वळायचं तर डाव्या किंवा उजव्या चाकाचा ब्रेक कमी-जास्त दाबायचा. मिग टॅक्सी करत गेलं की इंजिनाच्या आवाजातही फुस्स, फुस्स ऐकू यायचं. हायड्रॉलिक यंत्रणा बंद पडलीच तर साठवलेल्या हवेनेच पाय खाली उतरवता यायचे.

आणि अपघात. २०१२मध्ये संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी राज्यसभेत सांगितलं की ८७२ मिगपैकी निम्म्याहून अधिक अपघातांत गेली आणि १७१ वैमानिक त्यांत गेले. ‘उडती शवपेटी’ हे नाव आम्ही कामगारांनीही ऐकलं आणि ते लागायचं. एकच इंजिन, उतरतानाचा प्रचंड वेग, ठरल्यापेक्षा कितीतरी लांबलेलं आयुष्य, ही कारणं आहेतच. पण एक गोष्ट मला सर्वांत जास्त खटकते. शिकाऊ वैमानिकाला संथ विमानातून उचलून थेट मिगवर बसवलं जायचं. मधली पायरी असलेलं हॉक विमान आलं ते २००८मध्ये. तोवर किती पोरं गेली! अपघाताची बातमी आली की शॉपमध्ये प्रत्येक जण मनातल्या मनात त्या विमानाचा क्रमांक आठवत बसायचा.

मिगनंतर ओझरला सुखोई-३० आलं. त्याचा पाय मिगच्या दुप्पट वाटावा एवढा भारी, पण आत पुन्हा तेल आणि नायट्रोजनच. ऑक्टोबर २०२५मध्ये, मिग निवृत्त झाल्यावर महिन्याच्या आत, तेजसची नवी जुळणी-साखळी तिथे सुरू झाली. तेजसचा पंखही त्रिकोणी आणि पातळ. पण त्याचे मागचे पाय मुळातच धडाला जोडलेले आहेत, पंखाशी त्यांचा काही संबंध नाही. आता तिथल्या मुलांना चाक कपारीत उभं करावं लागत नाही. त्यांच्यापुढे आहे तो धडातच पाय, दार आणि टाकी यांची जागा वाटून देण्याचा प्रश्न.