धबधब्याकाठची मेरी

रॉचेस्टरला लेकीकडे आले की नायगारा ठरलेला. या खेपेला मीच म्हटलं, तो पुरे झाला आता, दुसरीकडे कुठेतरी चला. म्हणून लेचवर्थ स्टेट पार्कला गेलो. न्यूयॉर्क राज्यातच, गाडीने तासाभराच्या रस्त्यावर. जेनेसी नदी तिथे खोल घळीतून वाहते आणि तीन ठिकाणी कोसळते. मधला धबधबा १०७ फुटांचा. नदी दक्षिणेकडून उत्तरेला वाहते हे कळल्यावर माझे हात आपोआप जोडले गेले. उत्तरवाहिनी ना! नातवंडं हसली. हसू देत.

इतिहास शिकवण्यात जन्म गेला, त्यामुळे पाण्यापेक्षा पाट्याच जास्त वाचल्या. विल्यम लेचवर्थ हा बफेलोचा व्यापारी, क्वेकर घराण्यातला. १८५९ मध्ये त्याने इथे जागा घ्यायला सुरुवात केली, तेव्हा लाकूडतोडीने काठ उजाड झाले होते. त्याने झाडं लावली, मधल्या धबधब्यासमोर घर थाटलं. पुढे एका कंपनीला नदीवर धरण बांधायचं होतं. म्हाताऱ्याने १९०६ मध्ये आपली हजार एकर जमीन राज्याला देऊ केली, मरेपर्यंत राहू द्या एवढंच मागून. १९१० मध्ये तो गेला.

दान मोठंच. पण त्याच्याआधी जमीन कुणाची, हा प्रश्न मास्तरणीच्या डोक्यातून कसा जाणार? ती सेनेका लोकांची. स्वातंत्र्ययुद्धात ते बहुतांशी इंग्रजांच्या बाजूने राहिले, म्हणून १७७९ मध्ये वॉशिंग्टनच्या हुकमावरून जनरल सलिव्हनच्या फौजेने त्यांची गावं आणि उभी पिकं जाळली. आपल्या पुस्तकांत वॉशिंग्टन होता, हे नव्हतं.

तिथे उंचावर ब्राँझचा एक पुतळा आहे. पाठीवर तान्हं घेऊन चालणारी तरुणी. सेनेका पोशाखातली, पण जन्माने गोरी. मेरी जेमिसन तिचं नाव. आईबाप आयर्लंडहून निघालेले, ही वाटेत जहाजावरच जन्मली. १७५८ मध्ये पेनसिल्वेनियातल्या घरावर हल्ला झाला, आईवडील मारले गेले आणि पंधरा वर्षांची मेरी दोन सेनेका बहिणींच्या हाती आली. त्यांचा भाऊ लढाईत गेला होता. त्याच्या जागी त्यांनी हिला बहीण मानून घेतलं. दत्तकच म्हणा ना. पुढे लग्न झालं, मुलगा झाला. त्याला घेऊन ती ओहायोकडून शेकडो मैल चालत या नदीकाठी आली. पुतळा त्या चालण्याचा आहे.

सलिव्हनची फौज सगळं जाळून गेल्यावर ती पोरं घेऊन जवळच्या गार्डो या ठिकाणी गेली. तिथे पळून आलेले दोन काळे गुलाम मका पिकवत होते. त्यांची कणसं सोलून मजुरीत मिळालेल्या मक्यावर तिने तो हिवाळा काढला.

युद्ध संपल्यावर तिला विचारलं गेलं, आपल्या माणसांत परत जायचंय का? ती नाही म्हणाली. थोरल्या मुलाला सेनेका प्रमुख सोडायला तयार नव्हते. आणि ही मुलं घेऊन गेले तर नातेवाईक त्यांना जवळ करतील का, ही धास्ती.

१७९७ च्या करारात तिला गार्डोची १७,००० एकरांहून अधिक जमीन मिळाली. १८२३ मध्ये त्यातली बहुतेक गेली. लेचवर्थचा जन्मही त्याच सालचा! १८३३ मध्ये ती बफेलोजवळ वारली. १८७४ मध्ये लेचवर्थने तिच्या अस्थी आणून इथे पुन्हा पुरल्या.

पुतळ्यापाशी मी बराच वेळ बसले. हे गेल्यावर मी लेकीला फोनवर म्हटलं होतं, "आता या ना परत." ती म्हणाली होती, "अगं आई, मुलांचं काय?" मला ते निमित्त वाटलं. महिनाभर धड बोलले नाही तिच्याशी. मेरीला पळवून आणलं होतं आणि माझी लेक स्वतः व्हिसा काढून आली, दोघींची तुलना जुळत नाही, कळतं मला. तरी तेच आठवत राहिलं.

जेवायला बसलो तेव्हा तिला म्हटलं, "ते मी पुन्हा नाही हं विचारणार."

"कोणतं गं?" असं म्हणून तिने थालीपिठाचा डबा माझ्यापुढे सरकवला.