किशोरवयीन गर्भधारणा : बालपणीचे अत्याचार आणि घरचे वातावरण (कराड परिसर)

किशोरवयीन गर्भधारणा म्हणजे वयाच्या पंधरा ते एकोणीस वर्षांत राहणारा गर्भ. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातील या वयाच्या ७.६ टक्के मुली आई झालेल्या किंवा गरोदर आढळल्या. वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचे लग्न अठराच्या आत झाले होते. आपल्याकडे असे गर्भारपण बहुधा लग्नानंतरचे असते. त्यामुळे दवाखान्याच्या केसपेपरवर वय लिहिले जाते, पण त्या मुलीने घरात काय सोसले हे कोणी विचारत नाही.

मार, लैंगिक अत्याचार, बापाचे व्यसन, आईला होणारी मारहाण अशा अनुभवांचा या गर्भधारणेशी असलेला संबंध अमेरिकेतील सॅन दिएगो येथील मोठ्या अभ्यासातून पुढे आला. २००४ च्या विश्लेषणात असा एकही अनुभव नसलेल्या स्त्रियांपैकी १६ टक्के जणींना, तर सात-आठ अनुभव असलेल्यांपैकी ५३ टक्के जणींना किशोरवयात दिवस गेले होते. याच अभ्यासावरील २०१० च्या लेखाचा निष्कर्ष अधिक मोलाचा आहे : घरात जिव्हाळा आणि पाठीशी उभे राहणारे माणूस असेल, तर अत्याचार सोसलेल्या मुलींचाही धोका कमी होतो.

कराडच्या ऊसपट्ट्यात हा धोका उघड दिसतो. सह्याद्री आणि कृष्णा कारखान्यांच्या परिसरात गळीत हंगामात बीडसारख्या दुष्काळी भागांतून तोडकऱ्यांच्या टोळ्या येतात. आईबाप पहाटे फडावर जातात. बारा-तेरा वर्षांची मुलगी धाकट्या भावंडांना घेऊन दार नसलेल्या कोपीत (झोपडीत) राहते. पाणी लांबून आणायचे, शाळा सुटलेली, आडोसा नाही. तिच्या अब्रूची धास्ती घेऊन आईबाप लग्न उरकतात. शिवाय जोडप्याचा एक ‘कोयता’ (तोडणीचे एकक) होतो आणि त्यावर मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) मिळते. गरिबी आणि असुरक्षितता यांतून झालेल्या या लग्नाचा सगळा दोष आईबापांच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. मात्र अत्याचार घरातल्याच माणसाने केला असेल, तर लग्न हा तो झाकण्याचा मार्ग ठरतो.

कोवळ्या वयात रक्तक्षय, झटके आणि कमी वजनाचे मूल यांचा धोका वाढतो. भीतीपोटी नोंदणी उशिरा झाली की तो आणखी बळावतो. बालकांच्या लैंगिक अत्याचारापासून संरक्षणाच्या २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार, लग्न झालेले असले तरी, अठराखालील मुलीच्या गर्भधारणेची खबर पोलिसांना देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे, आणि जावई तुरुंगात जाईल या धास्तीने कुटुंब दवाखाना टाळते. गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केल्यास खबर देताना तिची ओळख उघड करण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले. गर्भपात कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलींसाठी गर्भपाताची मुदत चोवीस आठवडे आहे. गावात बालविवाह रोखण्याची जबाबदारी ग्रामपंचायत अधिकाऱ्यावर (पूर्वीचा ग्रामसेवक) असून मुलांच्या मदतीसाठीच्या १०९८ या क्रमांकावर मुलगी स्वतःही फोन करू शकते; कोपीत राहणाऱ्या मुलीला मात्र हा क्रमांक कोणीतरी आधी सांगावा लागतो.