मज्जारज्जूचा पहारा : एका शोधाचा इतिहास

मेरुदंड हा देहाचा आधारस्तंभ होय. त्यातून जाणारा मज्जारज्जू मेंदूचे आदेश पायांपर्यंत नेतो आणि तेथील संवेदना मेंदूकडे आणतो. म्हणूनच मणक्याच्या शस्त्रक्रियेचे नाव निघताच घरोघरी एकच प्रश्न उठतो, "पाय तर जाणार नाहीत ना?" हे भय निराधार नव्हते.

अमेरिकेतील डॉ. पॉल हॅरिंग्टन यांनी १९६२ साली वाकडा कणा धातूच्या सळईने सरळ करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. परंतु ताण अधिक झाल्यास मज्जारज्जूस इजा होई, आणि भूल दिलेला रुग्ण ते सांगू शकत नसे. १९७३ साली फ्रान्समधील वोझेल, स्टॅग्नारा व सहकाऱ्यांनी धाडसी उपाय मांडला. शस्त्रक्रिया सुरू असतानाच भूल हलकी करून रुग्णास आधी हात, मग पाय हलविण्यास सांगावयाचे. हात हलले पण पाय हलले नाहीत, तर ताण तत्काळ सैल करावयाचा. मात्र ही कसोटी क्षणापुरतीच होती.

अखंड पहाऱ्याची वाट विजेने दाखविली. नसेला विद्युत्‌स्पंद दिल्यास मेंदूत उमटणारी लहर ब्रिटनच्या जॉर्ज डॉसन यांनी १९४७ मध्ये टिपली होती. सत्तरच्या दशकात हे तत्त्व शस्त्रक्रियागृहात आले. घोट्याजवळील नसेला स्पंद देऊन डोक्यावर लहर मोजतात. ती निम्म्याने घटली तर धोक्याची सूचना मिळते. परंतु ही लहर मुख्यतः संवेदनेचा मार्ग तपासते, हालचालीचा नव्हे. १९८० मध्ये मर्टन व मॉर्टन यांनी कवटीवरून मेंदूला चालना देऊन स्नायू हलविले आणि ती उणीव भरून निघण्याचा मार्ग खुला झाला. १९९५ साली ५१ हजारांहून अधिक शस्त्रक्रियांच्या पाहणीत दिसले की, अनुभवी चमूंच्या देखरेखीखाली इजेचे प्रमाण अननुभवी चमूंच्या निम्म्याहूनही कमी होते.

सूचना मिळताच शल्यविशारद ताण सैल करतात, भूलतज्ज्ञ रक्तदाब सावरतात. हा पहारा अभयवचन नव्हे. पण इजा कायमची होण्यापूर्वी सावरण्याची संधी तो देतो.

यवतमाळला १९८९ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. सेवाग्राम, सावंगी, नागपूरही दूर नाहीत. आप्तांच्या मणक्याची शस्त्रक्रिया ठरल्यास, "मज्जारज्जूवर देखरेख ठेवणार का? नसल्यास का नाही?" असे डॉक्टरांना नम्रपणे अवश्य विचारावे. भयाने उपचार टाळण्यापेक्षा जाणून घेऊन निर्णय करणे केव्हाही श्रेयस्कर.